खताची काळजी खताला करू दे

रोज अर्धा तास काढावा लागेल, दर आठवड्याला ढीग वर-खाली करावा लागेल, ओलं किती आणि सुकं किती याचा हिशेब ठेवावा लागेल, हे सगळं तुझ्या डोक्यात कोणी भरवलं गं? सकाळी मुलांचे डबे, मग तुझी नोकरी, घरी आल्यावर सासूबाईंच्या गोळ्या आणि रात्रीचा स्वयंपाक. त्यात हे आणखी एक काम कुठे बसवू, म्हणून तू नुसते व्हिडिओ बघत बसली आहेस आणि भाजीची सालं रोज घंटागाडीत जाताहेत. बस जरा. चहा घे. मी सांगते ते ऐक, आणि मधे मधे ‘पण ताई’ करू नकोस.

खरं सांगू का, कुजवणं हे आपलं कामच नाही. ते काम करणारे जीव वेगळे आहेत, डोळ्यांना न दिसणारे, आणि ते रात्रंदिवस फुकट राबतात. त्यांना खायला थोडं ओलं लागतं, बरंच सुकं लागतं, वर हवा आणि ओलावा. एवढं एकदा नीट जमवून दिलं की आपण बाजूला व्हायचं. तुझ्या कुंपणाशी जो कडुनिंब आहे ना, त्याच्या बुडाशी हात घालून बघ. वरची पानं कोरडी, खालची काळपट, आणि त्याखाली भुसभुशीत माती. तिथे कोणी थर्मामीटर घेऊन बसलं होतं का?

आणि बघ, कमी कष्टात खत कसं करावं हे शोधणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला आहे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. सगळे त्यांना नाडेप काका म्हणतात. ‘नाडेप’ हे नाव तू कृषी खात्याच्या भिंतीवर कुठेतरी वाचलं असशील. रोजगार हमीच्या कामांच्या यादीतही नाडेपची टाकी आहे. पण ती पुसदची आहे, हे यवतमाळात राहून आपल्यालाच ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यांच्या आधी काय होतं? इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांनी १९२० च्या दशकात कंपोस्टची एक पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. चांगलीच आहे ती. पण त्यात ठरावीक दिवसांनी सगळा ढीग उलटापालटा करावा लागतो, म्हणजे आतल्या मालाला हवा मिळते. ज्याच्याकडे गडीमाणसं आहेत त्याला ते जमतं. तुझ्याकडे गडी नाही. नाडेप काकांनी काय केलं, तर ढीग हलवण्याऐवजी हवाच ढिगापर्यंत नेली. विटांची टाकी बांधायची आणि भिंतीत मुद्दाम भोकं सोडायची. चारी बाजूंनी वारा आत जात राहतो, आणि एकदा भरलेली टाकी तीन-चार महिने कोणी हलवत नाही. आळशी माणसाला याहून चांगली पद्धत मिळायची नाही, आणि दमलेल्या बाईला तर नाहीच नाही.

मूळ टाकी कशी भरतात ते एकदा नीट ऐकून ठेव, कारण तुझ्या छोट्या डब्यातही आपल्याला तेच करायचं आहे. टाकी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंत नऊ इंची, विटांच्या दर दोन थरांनंतर एका थरात सात-सात इंचांची भोकं. आतून शेणामातीनं लिंपायची. भरायला काडीकचरा आणि पाला १४००-१५०० किलो, शेण फक्त ९०-१०० किलो, आणि बारीक चाळलेली कोरडी माती जवळजवळ १७५० किलो. आता हे आकडे पुन्हा ऐक. शेण किती कमी आणि माती किती जास्त! गावात शेण गोवऱ्यांना जातं, जनावरं कमी झाली आहेत, आणि धसकटं, पाला मात्र शेतात जाळला जातो. शेण विरजणापुरतं वापरून पाल्याचं खत करायचं, हे त्यांनी नेमकं हेरलं.

आधी सहा इंच काडीकचऱ्याचा थर. त्यातच तीन-चार टक्के कडुनिंबाचा किंवा पळसाचा पाला, म्हणजे उधई लागत नाही. मग चार किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून त्यावर शिंपडायचं. मग पन्नास-साठ किलो माती पसरायची. असे अकरा-बारा थर. टाकीच्या काठावर दीड फूट शीग येईपर्यंत भरायचं, वर तीन इंच माती आणि शेणाचा सारवा. पंधरा-वीस दिवसांत माल आठ-नऊ इंच खाली बसतो. मग वरून त्याच क्रमानं पुन्हा भरायचं आणि पुन्हा सारवून टाकायचं. सारवणाला भेगा पडल्या तर शेणानं बुजवायच्या. झालं. तीन-चार महिन्यांनी सुमारे तीन टन खत निघतं.

घाबरलीस ना तीन टन ऐकून? नको घाबरू. तुझ्या आठ-दहा कुंड्या, एक कढीपत्ता, एक पपई आणि वांग्या-मिरच्यांचा एक वाफा. त्याला ना तीन टन लागतात ना दहा फुटी टाकी. आपण फक्त त्यातल्या तीन गोष्टी उचलायच्या: बाजूनं हवा, प्रत्येक थरावर माती, आणि उलटापालट नाही.

आता टाकी कुठून आणायची? तुझ्या मागच्या अंगणात तो गंजलेला लोखंडी कूलर पडला आहे ना, भंगारवाल्याची वाट बघत? तो देऊ नकोस. आपल्या विदर्भात घरटी एक जुना कूलर असतोच, आणि त्याचा सांगाडा म्हणजे तयार नाडेप आहे बघ. तीन बाजूंना पट्ट्यापट्ट्यांच्या जाळ्या, हवा आरपार. मोटार, पंप, पंखा, वायर सगळं इलेक्ट्रिशियनकडून काढून घे. पंख्याच्या तोंडाला बारीक जाळीचा तुकडा तारेनं बांध. खालची टाकी बहुतेक गंजून भोकं पडलेलीच असते. नसली तर खिळा आणि हातोडी घेऊन दहा-पंधरा भोकं पाड, नाहीतर तळाला पाणी साचून सगळं आंबेल. खाली चार विटा ठेव म्हणजे तो जमिनीपासून उचललेला राहील. आणि सगळ्यात सोयीचं काय आहे माहीत आहे? बाजूची जाळी वर उचलून पुढे ओढली की निघते. म्हणजे खत तयार झालं की वरचा कच्चा माल न हलवता खालून काढता येतं. पत्र्याच्या कडा मात्र धारदार असतात, तेव्हा हातमोजे घाल आणि लहान्याला त्याच्याजवळ खेळू देऊ नको.

कूलर नसेल तर विटा रच. सिमेंट नको, माती नको, नुसत्या एकावर एक, दोन विटांमध्ये तीन-चार बोटं फट ठेवून. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, कमरेएवढी उंच. पुढच्या बाजूच्या विटा हातानं काढता येतात. तुझी बहीण फ्लॅटमध्ये राहते, तिला रंगाची वीस लिटरची बादली पुरते. बाजूनं आणि तळाला भोकं पाडून गॅलरीत ठेवायची, खाली एक ताटली.

एक गोष्ट मात्र मी तुला करू देणार नाही. शेतावरून फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन किंवा ड्रम कोणी आणून दिला, ‘धुतलाय वहिनी, घ्या’ म्हणालं, तरी घ्यायचा नाही. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्याच जिल्ह्यात किती घरं उजाड झाली ते आपण पाहिलं आहे. त्या डब्यात खत नाही, पाणी नाही, काहीच ठेवायचं नाही.

जागा सावलीची निवड. कडुनिंबाखाली किंवा न्हाणीघराच्या मागे. स्वयंपाकघरापासून इतकी लांबही नको की पावसात जायचा कंटाळा येईल. बाई, सगळ्यांचं खत बंद पडतं ते याच कारणानं. अंतर जास्त झालं की बादली ओट्याखालीच राहते.

आता सुक्याचं. हा भाग मी तुला दोनदा सांगणार आहे, कारण सगळ्यांच्या खताला वास येतो तो इथेच. ओला कचरा घरात रोज असतो, पण सुकं लागतं तेव्हा मिळत नाही. म्हणून फाल्गुन-चैत्रात, पानगळ सुरू असते तेव्हाच पोती भरून ठेवायची. कडुनिंबाचा पाला सगळ्यात गोड काम करतो. बारीक असतो, चिकटून बसत नाही. पळसाची पानं चालतात. सागाची पानं जाड आणि मोठी, ती तशीच टाकलीस तर एकावर एक बसून पाणी अडवतात, म्हणून आधी पायानं चुरडून घे. उन्हानं कडक झालेली असतात, मुलांना सांग नाचायला, पाच मिनिटांत चुरा. शेताकडून कोणी येणार असेल तर सोयाबीनचं किंवा तुरीचं एक पोतं कुटार मागून घे. पऱ्हाटीच्या चार काड्या तळाला आडव्या-तिडव्या टाकायला छान, खालून हवा खेळते. पण त्यांना राहिलेली बोंडं लागलेली नकोत, गुलाबी बोंडअळी त्यातच लपून बसते. आणि शेजारचे काका पाला गोळा करून सकाळी सकाळी पेटवून देतात ना, त्यांना हात जोडून सांग की काका, पेटवू नका, मला द्या. ते खूश होतील, तुझं पोतं भरेल, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांचा खोकला थांबेल.

दुसऱ्यांदा सांगते. एक बादली ओलं, तर दोन बादल्या सुकं. वजन करायचं नाही, डोळ्यानं बघायचं. सुक्यात कर्ब जास्त, ओल्यात नत्र जास्त. अभ्यासक साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असं प्रमाण सांगतात. तो आकडा तू विसरलीस तरी चालेल. दोन बादल्या विसरू नको. मग त्यावर दोन-चार ओंजळी कोरडी माती. ही माती का, ते कळलं की तू ती टाळणार नाहीस. ढिगातून नत्र वायू होऊन उडून जायला बघतं, त्याचाच तो डोळ्यांत जाणारा उग्र वास. माती त्याला धरून ठेवते. म्हणजे वासही गेला आणि खताचा कसही राहिला. आपली काळी माती ढेकळांची असते, ती उन्हात वाळवून, कुटून, एका घमेल्यात भरून तिथेच ठेव. पावसात चिकटगोळा होते, तेव्हा ही तयारी उन्हाळ्यातच करायची.

सुरुवातीला शेणाची एक पो पाण्यात कालवून शिंपड. शेण नाही मिळालं तर आंबट ताक घाल, पातळ करून. बाजारात खताची विरजणं पुड्यांत मिळतात, ती तुला लागणार नाहीत. गांडुळंही विकत आणू नको. खतवाली तांबडी गांडुळं ३५ अंशांच्या पुढे तग धरत नाहीत, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. तापलेल्या कूलरच्या पत्र्यात ती बिचारी मरतील. आपल्या मातीतली गांडुळं पावसाळ्यात आपणहून येतात, तेव्हा ती राहतातही.

मग रोजचं काम काय? ओट्याजवळ झाकणाचा एक डबा. तळाला वर्तमानपत्राचा कागद. त्यात वांग्याचे देठ, सांबाराच्या काड्या, मटाराची टरफलं, केळीची सालं, कांद्याची टरफलं, धुतलेली चहापत्ती, अंड्याची कवचं. संत्र्याचा हंगाम आला की घरात सालींचा ढीग होतो. ती चालतात, फक्त हातानं तुकडे कर, नाहीतर फार दिवस तशीच दिसतात. देवाचं निर्माल्य चालतं, पण हारातला दोरा आणि जरीची पट्टी काढून. पळसाची पत्रावळ उत्तम. बाजारातल्या चमचमत्या पत्रावळीला आतून प्लास्टिक असतं, ते नखानं खरवडून बघ. मटण-मासळी, हाडं, तेलकट उरलंसुरलं, फोडणीची भाजी यांतलं काही टाकायचं नाही. नारळाची करवंटी आणि आंब्याच्या कोयी तुझ्या नातवंडांच्या लग्नापर्यंत तशाच राहतील. डबा दोन दिवसांनी भरतो. भरला की नेऊन ओत, वर सुकं, वर माती. मोजून तीन मिनिटांचं काम आहे गं, दूध उतू जायच्या आत परत येशील.

आणि कधी नाही जमलं? मुलीची परीक्षा, पाहुणे, ताप, माहेरी लग्न? नाही जमलं तर नाही जमलं. त्या दिवसांचा ओला कचरा घंटागाडीत दे. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांपासून ओला आणि सुका वेगळा द्यायचाच आहे, तेवढं फक्त पाळ. ढीग तुझ्यावर रुसत नाही. तू पंधरा दिवसांनी आलीस तरी तो होता त्यापेक्षा थोडा पुढेच गेलेला असतो. कुंडीतलं रोप पाण्यावाचून मरतं, ढीग मरत नाही. फार तर कोरडा पडून झोपतो, पाणी दिलं की पुन्हा कामाला लागतो.

पाण्याचं तेवढं आपल्याकडे बघावं लागतं. निळोणा आणि चापडोहचं पाणी आटलं की काय होतं ते २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळनं सोसलं आहे, तेव्हा नळाचं चांगलं पाणी ढिगावर ओत असं मी कधीच म्हणणार नाही. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, पालक-मेथी धुतलेलं पाणी एका बादलीत साठव. साबणाचं आणि मिठाचं नको. किती घालायचं? ढिगातला माल मुठीत घेऊन दाब. हाताला ओल लागली पाहिजे, बोटांतून पाणी गळायला नको. मे महिन्यात वर ओलं गोणपाट टाकून ठेव, म्हणजे वरचा थर करपत नाही. आणि जे पाणी तू ढिगाला देशील ते वाया नाही गं जात. खत घातलेली माती ओल जास्त दिवस धरून ठेवते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, त्याच वाफ्यात दोन वर्षं खत पडलं की भेगा कमी होतात आणि खुरपं सहज आत जातं. म्हणून मी तुझ्या मागे लागले आहे. कचरा कमी होतो हा तर वरचा फायदा.

पावसाळ्यात उलट. झड लागली की वरून पत्रा किंवा जुना फ्लेक्स टाक, पण चारी बाजूंनी गुंडाळू नको. बाजूची हवा बंद झाली की नाडेप काकांची सगळी युक्ती वाया.

बरं, तुझ्या मनातली खरी भीती मला माहीत आहे. वास, अळ्या आणि साप. एकेक बोलू.

सडका वास आला, म्हणजे आत हवा नाही आणि ओलं जास्त आहे. काठीनं तीन-चार ठिकाणी खोल भोकं पाड, दोन बादल्या सुकं आणि माती टाक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फरक पडतो. अळ्यांचं म्हणशील तर पावसाच्या सुरुवातीला जाड, करड्या-तपकिरी अळ्या दिसतील, वळवळणाऱ्या. किळस येईल, येऊ दे. त्या काळ्या सैनिक माशीच्या. ती माशी घरात अन्नावर बसत फिरत नाही, आणि अळ्या ओला कचरा इतक्या झपाट्यानं फस्त करतात की तू बघत राहशील. औषध मारायचं नाही, वर पाला टाकून झाक. लाल-काळे वाणी, बारीक किडे, पांढरी बुरशी, सगळे आपलेच मजूर आहेत. मुंग्या मात्र फार झाल्या तर ढीग कोरडा पडला असं समज आणि पाणी दे.

सापाचं मी हसण्यावारी नेणार नाही. साप खताला येत नाही, उंदराला येतो. आणि उंदीर भाताला, पोळीला, हाडांना येतात. म्हणून शिजवलेलं काहीच टाकायचं नाही. उरलेली पोळी गाईला दे. विटांची टाकी केलीस तर फटींत विंचू बसतो, आपल्याकडे त्यांची कमी नाही. पावसाळ्यात तिथे जाताना पायात बूट, हातात काठी, संध्याकाळ झाली असेल तर बॅटरी. आधी काठी आपटायची, मग हात घालायचा. नियम आहे हा, रोजचा, आणि मुलांनाही शिकव.

सासूबाई म्हणतात घराजवळ उकंडा नको. त्यांच्याशी वाद घालू नको बाई. त्यांना विचार, तुमच्या माहेरी उकंडा कुठे होता, खताच्या गाड्या शेतात कधी जायच्या? उन्हाळ्यात, मिरगाच्या आधी, बैलगाड्या भरून खत जायचं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. त्या वेळी कुजलेलं कसं ओळखायचे, किती पसरायचे, ते त्या तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मग ताक शिंपडायचं काम त्यांच्याकडे दे. दुपारी घरात त्या एकट्या असतात. हळूहळू बघ, ढिगावर तुझ्याआधी त्यांचं लक्ष राहील.

तयार झालं हे कसं कळेल? रंग काळपट, हाताला मोकळं, वास पहिल्या पावसाच्या मातीचा. वांग्याचा देठ कुठला आणि केळीचं साल कुठलं हे ओळखू आलं नाही की झालं. भरलेली टाकी बंद करून ठेवलीस तर तीन-चार महिने, रोज थोडं थोडं टाकत राहिलीस तर पाच-सहा. थंडीत जरा मंद चालतं. भरलेला ढीग निम्म्याहून खाली बसला की ‘खत कुठे गेलं’ म्हणून घाबरू नको, तसंच व्हायचं असतं. वाळूच्या चाळणीनं चाळून घे, वरचा जाडाभरडा माल पुन्हा टाकीत टाक, त्याच्यासोबत कामकरी जीव आयते जातात. कुंडीला दोन ओंजळी, नवी कुंडी भरताना तीन भाग मातीला एक भाग खत. कच्चं खत मात्र मुळाशी घालायचं नाही, रोप पिवळं पडतं.

हे सगळं ऐकून तुला वाटेल की ताई उगाच मोठं करून सांगते. पण बघ ना, आपल्या या भागानं मातीवर किती विचार केला आहे. पुसदला नाडेप काका. यवतमाळजवळ तिवस्याला सुभाष शर्मा, रसायनं सोडून नैसर्गिक शेती करणारे, त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. शेजारी अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, २०१६ चे पद्मश्री. त्यांचं जीवामृत, म्हणजे दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन दोनशे लिटर पाण्यात, एक एकराला पुरतं. तिघांच्या पद्धती वेगळ्या, एकमेकांशी पटणार नाहीत अशाही काही गोष्टी आहेत. पण जमिनीतले जीव जगले पाहिजेत यावर तिघांचं एकमत. तू कुठली पद्धत घेतेस याला फार महत्त्व नाही. सालं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फेकली जाऊ नयेत, एवढं मात्र मला मनापासून वाटतं.

तर आज काय करायचं? आज फक्त डबा ठेव ओट्याजवळ. रविवारी नवऱ्याला सांगून कूलर कडुनिंबाखाली सरकवून घे, चार विटांवर. तळाला काड्या, वर वीतभर पाला, वर दोन दिवसांची सालं, वर पाला, वर माती, शेणपाण्याचा एक शिंपडा. बाकी काही वाचू नको, काही विकत आणू नको.

आणि हो, आपला एवढासा ढीग मोठ्या ढिगासारखा तापत नाही, त्यामुळे त्यातल्या बिया मरत नाहीत. मिरगाचा पाऊस पडला की त्याच खतातून टमाटर, भोपळा, पपई उगवून येतील. उपटून फेकू नको, चार पानांची झाली की हलक्या हातानं काढून वाफ्यात लाव. पपईची जरा जास्तच लाव, नर निघाली तर काढून टाकावी लागतात. टमाटराची दोन रोपं माझ्यासाठी ठेव, मी येऊन घेऊन जाते.